थंडीचं कपाट

खतिजा यायच्या आत भिकाजीने कपाटाखालची रॉकेलची टाकी बाहेर ओढली, वात कात्रीने सारखी केली आणि काडी लावली. ज्योत निळी झाली की टाकी आत सरकवायची आणि मागच्या भोकाला एकदा डोळा लावून बघायचं, हे तो कपाट विकणाऱ्या साहेबाच्या नोकराकडून शिकला होता. आजही त्याने डोळा लावला. ज्योत छान होती. ज्योतीत कधीच काही खोट नव्हती. कपाटाला मात्र तिचं काही पडलेलं नव्हतं. दार उघडून हात घातला तर आत बाहेरच्यासारखीच मे महिन्याची हवा, आणि वर मोरी माशाच्या तेलाचा वास.

रात्री तो ज्योत विझवून ठेवायचा. फुकट रॉकेल कशाला जाळा? पण सकाळी ती पेटलेली दिसायला हवी होती. दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या खिंडीतून खतिजाची पावलं वाजली तशी त्याने पटकन दार लावलं आणि पडवीच्या कठड्यावर जाऊन बसला, अडकित्ता हातात घेऊन, सकाळपासून तिथेच बसल्यासारखा.

"भिकाजीभाव, येव मा?"

"ये गो. रोज काय इचारतस?"

खतिजा शेजारच्या गनीची बायको. गनीचं बंदरावर काथ्याच्या दोरांचं आणि डांबराचं दुकान. भिकाजी बोटीवर खलाशांचा सारंग होता तेव्हापासून दोर घ्यायचा तो त्याच्याकडूनच, आणि दोराबरोबर चहाही. दोन वर्षांपूर्वी गनीला साखरेचं दुखणं जडलं. इंजेक्शनचं औषध कोल्हापूरहून फोंडाघाट उतरून एसटीने यायचं आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की ते थंडीत राहायला हवं. अख्ख्या वाडीत थंडी फक्त भिकाजीच्या पडवीत होती.

खतिजाने स्वतः दार उघडलं आणि वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा घेतला. त्या डब्याला घरातलं कोणी हात लावत नसे. नर्मदेचा, भिकाजीच्या बायकोचा, तसा नियमच होता. औषध त्यांचं, त्यांनीच ठेवावं, त्यांनीच काढावं. वरची फळी त्यांची आणि खालच्या आपल्या, दुधाला आणि दह्याला त्याची शिवाशिव नको. खतिजानेही कधी वाईट मानून घेतलं नव्हतं. निदान तसं दाखवलं तरी नव्हतं.

"रात्री वात जरा मोठी केलंय," भिकाजी सुपारीकडे बघत म्हणाला. "बर्फासारखां झाला असतला."

खतिजा डबा हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "बरां झाला."

आणि इंजेक्शन देऊन डबा परत आणून ठेवायला ती नेहमीसारखी घाईने निघून गेली.

हे कपाट रेडीच्या खाणीवरच्या एका परदेशी साहेबाचं. तो मायदेशी परतताना सामान विकून गेला तेव्हा भिकाजीने ते घेतलं आणि मचव्यात घालून आणलं. वीज यायला अजून अवकाश होता. हे रॉकेलवर चालायचं. खाली आग पेटवायची आणि वर बर्फ व्हायचा, हे बघायला पहिल्या दिवशी एवढी माणसं जमली की नर्मदेच्या तुळशीभोवतीची रांगोळी पुसून गेली. तेव्हापासून कुणाला ताप आला की बर्फ भिकाजीकडे, कुणाच्या लग्नात सरबत असलं की बर्फ भिकाजीकडे. बोटीवर चाळीस खलाशी हाताखाली होते तेव्हाही त्याला एवढा मान नव्हता. तो मान त्याच्या अंगी लागला होता, हे कबूल करायला हवं.

मग खाऱ्या वाऱ्याने दाराचं रबर खाल्लं. ते तडकलं, सुटलं, दारातून पाणी ठिबकू लागलं. डॉक्टर त्याला दवाखान्यात म्हणाले होते, "कोल्हापूरला लिहा. माणूस येऊन नवं रबर बसवून जाईल." तेव्हा बाकावर नेहमीची मंडळी बसली होती. भिकाजी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, "डॉक्टर, जन्मभर होड्यांच्या फटी बुजवल्या. समुद्र आत येऊ दिला नाही, तिथं ही हवा काय घेऊन बसलात!"

आणि त्याने कपाट होडीसारखंच दुरुस्त केलं. होडी किनाऱ्यावर घेतली की ती कुशीवर कलती करतात आणि फळ्यांच्या फटी वर घेऊन बसतात. त्यानेही माणसं बोलावून कपाट घरापुढच्या खळ्यात माडाच्या ओंडक्यांवर आडवं केलं. कुजकं रबर खरवडून काढलं. कापसाचा पीळ राळेत आणि मोरीच्या तेलात भिजवून दाराच्या कडेने लाकडी हातोडीने ठोकून बसवला. काम देखणं झालं. दार असं बसलं की उघडताना दोन हात लागावे. कपाट परत उभं करून पडवीत नेलं, ज्योत लावली, आणि त्या दिवसापासून आत बर्फाचा कणही धरला नाही.

नर्मदेला पहिल्याच दिवशी कळलं. दूध फाटलं.

"गनीक सांगून टाका," ती म्हणाली.

"सांगतंय. वात बदलून बघतंय आधी."

त्याने वात बदलली. मालवणच्या बाजारातून स्टोची वात आणून कापून बसवली. मग वाटलं काच मळली असेल. ज्योतीवरची काच काढून कंदिलाची काच बसवली. ती जरा उंच पडत होती, म्हणून तिची कड कानशीने घासली. मागची धुराची नळी कापूस बांधलेल्या काठीने साफ केली. बदलता येईल ते सगळं त्याने बदललं आणि दर वेळी संध्याकाळी आत हात घातला. हात बाहेर काढताना तो आधी इकडेतिकडे बघायचा, कोणी बघत तर नाही ना. आपल्याच घरात तो चोरासारखा वागू लागला होता.

एका दुपारी गनी धक्क्यावर चक्कर येऊन खाली बसला. भिकाजी तिथेच होता. त्यानेच त्याला खांद्याचा आधार देऊन दवाखान्यात नेलं. बाकावर तीच मंडळी. डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात तापवून बघितली. ती विटेसारखी लाल झाली.

"एवढी साखर!" डॉक्टर म्हणाले. "गनीशेट, इंजेक्शन रोज घेता ना?"

"रोज घेतो, डॉक्टर."

"मग एकतर औषध बिघडलंय, नाहीतर तुमचं तोंड. गरम झालं तर त्या औषधाचा उपयोग नाही, सांगितलंय मी." ते भिकाजीकडे वळले. "काय भिकाजी? थंडीत असतं ना ते?"

त्या घटकेला सांगता आलं असतं. पुढे कितीतरी दिवस भिकाजी हेच मनात घोळवत होता, की तेव्हा सांगता आलं असतं, तोंड उघडायचा अवकाश होता. पण तोंड उघडलं ते भलतंच बोलायला.

"बर्फासारखं असतं, डॉक्टर."

गनीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. दोर मापताना गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, किती लागणार याचा अंदाज घेत. मग तो डॉक्टरांना म्हणाला,

"फणस खाल्ला, डॉक्टर."

"काय?"

"फणस. बरका होता. राहवलं नाही."

बाक खदखदून हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी गनीला सगळ्यांसमोर असं फैलावर घेतलं की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. एवढं वय झालं, बायको तुमच्यासाठी सुई टोचायला शिकली, औषध परगावाहून येतं, शेजारी आपल्या घरात जागा देतो, आणि तुम्हाला जिभेवर ताबा ठेवता येत नाही? गनी मांडीवर हात ठेवून ऐकत होता. "चुकलं, डॉक्टर," एवढंच म्हणाला. भिकाजी त्याच्या शेजारी उभा होता आणि त्याला आधी वाटलं ते हायसं. लाज नंतर आली. हायसं वाटल्याचीच लाज सगळ्यात मोठी होती.

गनीचा फणस बाजारभर झाला. चहाच्या दुकानात तो दिसला की कोणीतरी विचारायचं, "गनीशेट, गरो व्हयो?" मासळीवाल्या काशीबाईने तर पाटी उतरवता उतरवता सांगितलं, "माज्याकडे बांगडे आसत हो, फणस नाय." गनी हसून पुढे जायचा. एकदा भिकाजी तिथेच बसला होता. सगळे हसले तसा तोही हसला. हसला नसता तर लोकांनी विचारलं असतं का हसत नाहीस म्हणून. गनीने ते बघितलं आणि तो आपला चहा अर्धा ठेवून उठला. त्या रात्री भिकाजीला जेवण गेलं नाही.

नर्मदेने ताट उचललं.

"लाज तुमची आणि जीव गनीचो," ती म्हणाली. "माका ह्या बघवत नाय. तुमी नाय सांगलास तर मी सांगतलंय."

"फाल्यां सांगतंय."

"तुमचां फाल्यां रोज असता."

पण एक गोष्ट अशी घडत होती की उद्या सांगायचं ते परवावर जात होतं. गनी सुधारत होता. चेहऱ्यावर तुकतुकी आली, दुकानात तो पूर्वीसारखा बसू लागला. खतिजा रोज सकाळी यायची, डबा न्यायची, डबा आणायची. भिकाजीने हळूहळू मनाची समजूत घालून घेतली की या औषधाला थंडी तेवढी लागत नसावी, डॉक्टर लोक वाढवून सांगतात. कदाचित त्याने खरंच फणस खाल्ला असेल. हो, खाल्लाच असेल! माणसाला आपल्या सोयीचं पटायला फार वेळ लागत नाही. तरी खतिजा दार उघडायची तेव्हा तो सुपारीवरून नजर काढत नसे.

सुपारीनेच शेवटी त्याला सांगितलं. एके दिवशी तो कपाटाला टेकून उभा होता. हातातली अख्खी सुपारी त्याने कपाटाच्या डोक्यावर ठेवली आणि पान शोधायला चंची उघडली. सुपारी जागची हलली, गडगडत भिंतीकडे गेली आणि मागे पडली. त्याने ती उचलून परत ठेवली. ती परत त्याच वाटेने गेली.

भिकाजी बघत राहिला. बोटीवर कुठे सामान सरकलं, पाणी शिरलं, तर पायाच्या तळव्याला कळायचं त्याला. डेकवर ठेवलेला पेला बघून तो खलाशांना खाली धाडायचा.

"गो नर्मदा! कपाट कलता हा!"

"मगे?"

"साहेबाचो नोकर मागच्या पायाखाली लाकडाची चीप घालून गेलो होतो. सरळ व्हया म्हणालो होतो, पाण्यासारख्या सरळ. ती चीप खंय गेली?"

नर्मदा माजघरात गेली आणि वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराखाली घातलेली पाचर काढून घेऊन आली. खळ्यात झाडताना सापडली होती, कामाची दिसली म्हणून तिने ठेवली होती. भिकाजीने पाचर पायाखाली ठोकली आणि पितळेचं ताट पाण्याने भरून कपाटावर ठेवलं. पाणी चारही बाजूंनी काठाला सारखं लागलं. ज्योत पेटवली, आणि आज ती रात्रीही विझवायची नाही असं ठरवलं.

संध्याकाळ सरता सरता आत गारवा आला. त्याने हात घातला आणि काढलाच नाही. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. आता सगळं ठीक होईल, आता कोणाला काही सांगायची गरज नाही, खोटं होतं तेही आता खरं होईल. पण गनीचं औषध इतके दिवस उन्हाळ्यात पडलं होतं, त्याला तर जास्तच थंडी हवी. वात त्याने पुरती वर केली. मग घरातला नियम मोडून त्याने वरच्या फळीवरचा डबा स्वतःच्या हाताने उचलला आणि बर्फाच्या खणात, अगदी आत, खेटून ठेवला.

सकाळी ट्रेमधला बर्फ पांढरा घट्ट झाला होता. डब्यावर दव गोठलं होतं. खतिजा यायच्या आधी तो जागेवर ठेवायचा म्हणून त्याने खरवडून काढला. आत काहीतरी किणकिणलं. त्याने झाकण उघडलं. बाटली तळापासून मानेपर्यंत तडकली होती आणि काचेच्या आत औषधाचा एक पांढरा खडा झाला होता.

भिकाजी तिथेच जमिनीवर बसला. आता पुढची बाटली एसटीने येईपर्यंत गनीने काय करायचं? सुई कशाने भरायची? मग डबा दोन्ही हातांत धरून तो उठला, गडग्याच्या खिंडीतून पलीकडे गेला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा गनीच्या ओसरीवर न थांबता सरळ आत शिरला.

गनी मागच्या पडवीत खाटेवर बसला होता. खतिजा सुई उकळत होती.

"खतिजा, औषध गेला," भिकाजी म्हणाला. "माज्या हातान गेला. रातीक बर्फात ठेवलंय, बाटली फुटली. आणि ता आधीच खराब झाला होता. कपाट केवाच बंद पडला होता. दाराचा रबर बदललंय तेवापासून. मी रोज ज्योत पेटवून ठेवी होतंय, तुका दिसाक. डॉक्टरसमोर खोटां बोललंय. माका लाज वाटली. लाज वाटली म्हणान तुमचो जीव..."

त्याने डबा जमिनीवर ठेवला.

खतिजाने डब्यात वाकून बघितलं. तडकलेल्या बाटलीतला खडा बोटाने टोचला.

"ता पाणी हा, भिकाजीभाव," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी. आमच्या बावडेचां."

ती उठली. न्हाणीच्या कोपऱ्यात सावलीला ओली वाळू होती, वाळूत गळ्यापर्यंत पुरलेलं एक मडकं होतं. वरचं ओलं फडकं बाजूला करून तिने आतून दुसरी बाटली काढली आणि भिकाजीच्या तळहातावर ठेवली. बाटली गार होती. बर्फासारखी नाही, पहाटेच्या विहिरीच्या पाण्यासारखी.

"हे धक्क्यावर पडले त्या दिसापासून नवी बाटली हयसरच ठेवतंय," खतिजा म्हणाली. "माका आधीच कळला होता. डबो हातात घेतलो की कळता तो. म्हटलां, भिकाजीभाव आज सांगतीत, फाल्यां सांगतीत."

"मगे तू रोज कित्या येय होतंस गो? पाणी घेवन?"

खतिजाने सुई उकळत्या पाण्यातून चिमट्याने वर काढली.

"येवचां बंद केला असता तर लोकांनी इचारला नसता?" ती म्हणाली.

भिकाजीने गनीकडे बघितलं. गनी बाही वर सरकवून दंड पुढे करून बसला होता.

"आणि फणस?" भिकाजीने विचारलं. विचारताना त्याला उत्तर ठाऊक होतं.

"खंयचो फणस? दोन वर्सां ह्या घरात फणसाक सुरी लागाक नाय." गनी बोलताना हसला नाही. "चार माणसांत तू बर्फासारखां म्हटलंस. मगे मी काय म्हणूचां होता? भिकाजी खोटो, असां?"

"म्हणूक व्हयां होतां रे."

"आता म्हणान काय उपेग? सुई टोचून घेवंदे." आणि थोड्या वेळाने, दंड चोळत, "ते हसतत त्याचां माका काय नाय. त्या दिसा तू हसलंस, ता मात्र लागला."

खतिजाने बाटली परत मडक्यात ठेवली, फडकं ओलं करून वर पांघरलं.

"कपाट थंड झाला मा?" तिने विचारलं. "मगे सांजच्याक खरी बाटली घेवन येतंय."

भिकाजीने होकारार्थी मान हलवली.

तो घरी गेला नाही. वाटेत नर्मदा गडग्याशी उभी होती, तिने बाजूला होऊन वाट दिली. सकाळची वेळ, दवाखाना नुकताच उघडला होता आणि बाकावर मंडळी दाटीने बसली होती. त्याला बघून एकजण सरकला आणि त्याने जागा केली. भिकाजी बसला नाही. डॉक्टर कुणाची तरी नाडी बघत होते.

"काय भिकाजी?" त्यांनी वर न बघताच विचारलं. "काय होतंय?"

डॉक्टरांशी तो नेहमी शहरातल्यासारखं बोलायचा. आज मात्र त्याने बाकाकडे तोंड केलं.

"गनीन फणस खावकच नव्हतो," तो म्हणाला.